चेहरा उतरू नये म्हणून

‘दमलेली दिसतेस’ हे वाक्य मी पहिल्यांदा कधी ऐकलं ते आठवत नाही, पण ते मोजायला कधी लागले ते पक्कं आठवतं. जानेवारीतली एक सकाळ होती. आदल्या रात्री मी चांगली आठ तास झोपले होते, केस धुतले होते, नवा कुर्ता घातला होता. खराडीच्या ऑफिसात लिफ्टमध्ये शिरले तर आतला सहकारी म्हणाला, “काय गं, रात्रभर जागी होतीस का?” त्या दिवशी मी फोनच्या नोट्समध्ये एक रेघ ओढली. महिना संपला तेव्हा १७ रेघा झाल्या होत्या.

त्या १७ पैकी तीनदाच मी खरोखर दमलेली होते. उरलेल्या १४ वेळा मी बरी होते आणि माझा चेहरा खोटं बोलत होता.

माझ्या डोळ्यांखाली खळगे आहेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघून गालाकडे तिरकी उतरणारी एक खोबण. आजीच्या लग्नातल्या फोटोत ती दिसते. आईच्या आधार कार्डावर तर फक्त तीच दिसते. माझ्या दहावीच्या हॉल तिकिटावरही आहे, म्हणजे वयाचा संबंध नाही. आजीचं सोनं मावशीकडे गेलं, खळगे आईमार्फत माझ्याकडे आले.

मार्चमध्ये अप्रेझल झालं. मॅनेजर भला माणूस आहे, आवाज चढवत नाही, सुट्टी मागितली तर कारण विचारत नाही. म्हणाला, “काम उत्तम आहे तुझं. फक्त क्लायंटसमोर व्हिडिओवर जरा फ्रेश दिसत जा. एनर्जी जाणवत नाही.” मी ‘हो’ म्हणाले. घरी आले, लॅपटॉपचा कॅमेरा सुरू केला आणि तासभर स्वतःकडे पाहत बसले. एप्रिलमध्ये डोळ्यांखाली फिलर भरून घेतलं. २७,००० रुपये आणि अर्धा तास.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ‘हिने केलं की नाही केलं’ याची वाट पाहायला नको. केलं. चांगलं झालं. कुणाला कळलंही नाही. पण नंतर जे घडलं त्यामुळे मला एक प्रश्न पडला, आणि तो सुंदर दिसण्याबद्दलचा नाही. माझा चेहरा नक्की कुणासाठी आहे, असा तो प्रश्न आहे.

*

डॉक्टरबाईंनी आधी माझ्या हातात आरसा दिला, खोलीतले दिवे घालवले आणि समोरून, अगदी डोळ्यांच्या पातळीवर, छोटा टॉर्च धरला. “बघा.” मी पाहिलं. काळी वर्तुळं जवळजवळ गायब. मग त्यांनी टॉर्च माझ्या कपाळाच्या वर नेला. वर्तुळं परत आली.

“तुमचा हा रंग नाही, सावली आहे,” त्या म्हणाल्या.

डोळ्यांखालचा काळेपणा एकाच कारणाने येत नाही. काहींच्या त्वचेत तिथे रंगद्रव्यच जास्त असतं, आपल्याकडे हे फार आढळतं. काहींची त्वचा पातळ असते आणि खालच्या रक्तवाहिन्यांचा निळसरपणा वर दिसतो. पापण्यांची त्वचा ही अंगावरची सगळ्यांत पातळ त्वचा, जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आणि काहींच्या बाबतीत हाडाची आणि चरबीची ठेवणच अशी असते की तिथे खळगा पडतो, आणि वरून येणाऱ्या उजेडात त्याची सावली पडते. आपल्या ऑफिसातले सगळे दिवे छतालाच असतात. बऱ्याच जणांत तिन्ही कारणं थोडी थोडी असतात. फिलर चालतं ते फक्त तिसऱ्यावर. रंग असेल तर कितीही जेल भरा, रंग तिथेच राहतो.

मग त्यांनी धोके सांगितले. सूज येते, काळंनिळं पडतं, कधी गाठी होतात. जेल फार वरच्या थरात भरलं गेलं तर त्वचेखालून निळसर झाक दिसते. आणि क्वचित घडणारी पण सगळ्यांत भयंकर गोष्ट म्हणजे, जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली त्वचा मरू शकते, दृष्टीसुद्धा जाऊ शकते. मी फॉर्मवर सही केली. नंतर लक्षात आलं, फ्लॅटच्या भाडेकरारावर सही करताना मी यापेक्षा जास्त वेळ घेतला होता.

सुईतून आत गेलं त्या पदार्थाची गोष्ट मी नंतर वाचली. हायलुरोनिक ॲसिड. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते गाईच्या डोळ्यातून, डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरातून. ग्रीकमध्ये काचेला जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं. पुढे ते कोंबड्यांच्या तुऱ्यातून काढलं जाऊ लागलं, आता जिवाणूंकडून बनवून घेतात. ते आपल्या सगळ्यांच्या अंगात असतंच. ७० किलोच्या माणसात सुमारे १५ ग्रॅम, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा रोज मोडतो आणि नवा बनतो. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट केलेल्या असतात, म्हणून ते लगेच मोडत नाही. नको झालं तर हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणाऱ्या घड्यांसाठी अशा जेलला २००३ मध्ये मंजुरी दिली, पण डोळ्यांखालच्या खळग्यांसाठीची मंजुरी यायला २०२२ उजाडलं. मधली वर्षं तिथले डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते डोळ्यांखाली भरत होते.

हे वाचताना मला आईचा गुडघा आठवला. आदल्या दिवाळीच्या आधी आईच्या झिजलेल्या गुडघ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. फाइल माझ्याकडेच होती, काढून पाहिली. सोडियम हायलुरोनेट. तेच, फक्त जरा वेगळ्या रूपात.

म्हणजे एकाच घरात, एकाच पदार्थाची दोन इंजेक्शनं. आईचं इंजेक्शन हा उपचार होता, ते शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगितलं गेलं. माझं इंजेक्शन हा नखरा होता, ते मी आईलाही सांगितलं नाही. फरक कशात? गुडघा दुखतो, खळगा दुखत नाही. उत्तर सरळ आहे. पण मग त्या १७ रेघांचं काय करायचं?

*

उपचार आणि नखरा यांच्यातली रेघ आपण समजतो तेवढी ठळक कधीच नव्हती. याची एक गोष्ट माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही अशा जागेची आहे.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक माणूस इंग्रज फौजेच्या बैलगाड्या हाकायचा. टिपूबरोबरच्या लढाईत तो पकडला गेला, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, चित्रासकट लंडनला कळलं, आणि तिथल्या जोसेफ कार्पू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पुण्याचं नाक आवर्जून येतं.

कावसजीला नाक कशाला हवं होतं? श्वास तर चालू होता. बैल हाकायला नाक लागत नाही. पण आपल्या भाषेत ‘नाक कापलं’ याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. नाक कापणाऱ्याला कावसजीचा श्वास थांबवायचा नव्हता, लोकांनी त्याच्याकडे कसं पाहावं ते कायमचं ठरवून टाकायचं होतं. त्या कारागिराने दुरुस्त केली ती लोकांची नजर.

मी स्वतःला कावसजीच्या रांगेत बसवत नाही. माझं काही कुणी कापलं नव्हतं. पण एवढं मान्य करायला हरकत नसावी की लोक आपल्याकडे कसं पाहतात ही माणसाची खरी गरज आहे, आणि तिच्यासाठी शरीराला हात लावणं हे इन्स्टाग्रामने शोधून काढलेलं नाही.

कॅथी डेव्हिस या अभ्यासक बाईंनी नेदरलँड्समध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बायकांशी बोलून १९९५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्या बायकांना चारचौघींत उठून दिसायचं नव्हतं, चारचौघींसारखं दिसायचं होतं, असं त्यांना आढळलं. हे वाचून मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं. मलाही सुंदर व्हायचं नव्हतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर कुणी काही बोलू नये, एवढंच हवं होतं.

मग हेदर विडोज यांचं २०१८ चं पुस्तक हाती आलं आणि तो हात पाठीवरून उचलला गेला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की सुंदर दिसणं हे आता आवडीनिवडीपुरतं उरलेलं नाही, ते चांगलं माणूस असण्याचं माप होत चाललंय. चेहरा राखला नाही म्हणजे तुम्ही आळशी, स्वतःकडे दुर्लक्ष करणाऱ्या. माझ्या मॅनेजरचं वाक्य मी पुन्हा आठवलं. त्याने ‘डोळ्यांखाली खळगे आहेत’ म्हटलं नव्हतं, ‘एनर्जी जाणवत नाही’ म्हटलं होतं. हाडाच्या ठेवणीचा त्याने स्वभाव करून टाकला होता. आणि मी ते मान्य करून २७,००० रुपये भरले होते.

एक मैत्रीण म्हणाली, “तू स्वतःसाठी केलंस ना? मग विषय संपला.” मी खरंच विचार केला. निर्मनुष्य बेटावर एकटी असते तर केलं असतं का? नसतं. म्हणजे स्वतःसाठी नव्हतं. पण बेटावर एकटी असते तर मी मराठीही शिकले नसते. माझ्यातलं जे जे ‘माझं’ आहे त्यातलं बहुतेक दुसऱ्यांशी देवघेव करतानाच झालेलं आहे. त्यामुळे ‘स्वतःसाठी की लोकांसाठी’ हा प्रश्न मला पुढे नेईना. ‘कोणत्या लोकांसाठी?’ हा प्रश्न मात्र ऑगस्टमध्ये समोर येऊन उभा राहिला.

*

ऑगस्टमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. रात्री साडेअकराला दादाचा फोन आला, स्वारगेटला जाऊन मिळेल ती एसटी पकडली, पहाटे चारच्या सुमारास कराड. पुढच्या ११ रात्री मी हॉस्पिटलात होते. दिवसा आई, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर दादा, रात्री मी. त्यातच दिवसा कॉरिडॉरमधल्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसची कॉल्स.

सहाव्या दिवशी आत्या आली. बाबांजवळ बसली, रडली, डोळे पुसले आणि मग आमच्याकडे वळली. दादाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “किती सुकलास रे! तोंड बघ कसं उतरलंय. आज घरी जा, गरम जेव, झोप.” मग माझ्याकडे पाहिलं. “ही बरी टवटवीत आहे गं. रात्री थांबेल ही.”

मी ३० तास झोपले नव्हते.

बाथरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं. डोक्यावर ट्यूबलाइट होती, सावली पाडायला एकदम योग्य जागी. सावली पडलीच नाही. डोळे लाल होते, पण डोळ्यांखाली सपाट, भरलेलं, विश्रांती घेतलेल्या बाईचं कातडं. जानेवारीत माझा चेहरा खोटं बोलत होता. आता तो पुन्हा खोटं बोलत होता, आणि या वेळी त्यासाठी मी पैसे मोजले होते.

त्या रात्री बाबांच्या खाटेशेजारी बसून मी आपल्या भाषेतले शब्द आठवत होते. सुकलीस. तोंड उतरलंय. डोळे खोल गेलेत. चेहऱ्यावर पाणी नाही. वरवर पाहिलं तर ही सगळी नावं ठेवणंच आहे. पण आत्या ‘सुकलास’ म्हणते तेव्हा लगेच पुढचं वाक्य ‘जेवलास का’ हे असतं. चेहऱ्यावर शेरा मारणं ही तिची चौकशी सुरू करण्याची पद्धत आहे. ते वाक्य ऐकून कुणाच्या तरी हातात ताट येतं, कुणी तरी रात्रपाळी वाटून घेतं.

ऑफिसातल्या ‘दमलेली दिसतेस’नंतर काहीच येत नाही. लिफ्टचं दार उघडतं आणि सगळे आपापल्या मजल्यावर जातात. वाक्य तेच, पण तिथे ती तक्रार असते. तुझ्या दमण्याने आमच्या नजरेला त्रास होतोय, एवढाच तिचा अर्थ. मला ऑफिसातलं वाक्य बंद करायचं होतं. पण चेहरा एकच असतो, ऑफिसला वेगळा आणि घराला वेगळा असा मिळत नाही. त्या सुईने आत्याचं वाक्यही बंद करून टाकलं होतं.

हा लेख इथेच थांबवला असता तर बरा झाला असता. ‘दमणं लपवू नका, ते आपल्या माणसांना दिसू द्या,’ असं तात्पर्य काढून मोकळी झाले असते. पण त्याच खोलीत आई बसलेली होती.

*

आईच्या डोळ्यांखाली माझ्यापेक्षा खोल खळगे आहेत. त्यात कुणी काही भरलेलं नाही. त्या सहा दिवसांत तीही नीट झोपली नव्हती, दुखऱ्या गुडघ्याने दोन जिने चढ-उतार करत होती. आत्याने दादाला सुकलास म्हटलं, मला टवटवीत म्हटलं. आईकडे पाहून ती काहीच म्हणाली नाही.

तिला आईची माया नाही असं नाही. कारण साधं आहे. आई कायमच तशी दिसते. ३० वर्षं जो चेहरा दमलेला दिसतो, तो लोकांच्या लेखी दमलेला राहत नाही, तो तिचा चेहराच होऊन जातो. आत्याचं कशाला सांगू? मी मुलगी. फोनवर रोज बोलते. ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ विचारते. पण ‘दमलीस का’ असं मी आईला आयुष्यात कधी विचारल्याचं मला आठवेना. मी आत्यावर रागावले होते ते ती माझा चेहरा वाचू शकली नाही म्हणून. माझ्यासमोर तर ३० वर्षं एक चेहरा उघडा होता, काहीही न लपवता, आणि मी तो वाचला नव्हता.

मी विचारलं, “आई, दमलीस का गं?”

ती माझ्याकडे जरा संशयानेच बघायला लागली. “मी? छे. सवय आहे मला.” मग बराच वेळ गेला. सलाईन संपत आलं म्हणून मी नर्सला बोलावून आले. परत आले तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, “गुडघा ठणकतोय मात्र. आज जरा जास्तच.”

दुसऱ्या दिवशी मी दादाला सांगितलं, दुपारची पाळी आता तुझी, दुकान चार तास वहिनी बघतील. तो लगेच ‘हो’ म्हणाला. इतकं सोपं होतं ते. फक्त कुणीतरी बोलायला हवं होतं, कारण चेहरे बघून कुणालाच काही कळत नव्हतं. माझा भरलेला होता म्हणून, आईचा सवयीचा होता म्हणून.

इमॅन्युएल लेव्हिनास नावाचा एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता, लिथुआनियातले त्याचे आईवडील आणि भाऊ नाझींनी मारले. १९६१ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात दुसऱ्याचा चेहरा ही मध्यवर्ती कल्पना आहे. समोरच्याचा चेहरा आपल्याकडे काहीतरी मागतो, आपण ठरवायच्या आधीच आपल्याला जबाबदार करतो, असं तो म्हणतो. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, चेहरा म्हणजे चेहरा, नाक-डोळे, सुरकुत्या. पण त्याचा रोख उलटा आहे. तुम्ही समोरच्याचे डोळे, नाक, कपाळ न्याहाळायला लागलात की तो माणूस तुमच्यासाठी एखाद्या वस्तूसारखा होतो. खऱ्या भेटीत डोळ्यांचा रंगसुद्धा ध्यानात राहू नये, असं त्याने एका मुलाखतीत सुचवलं आहे.

कॉलेजात मला हे जरा अतीच वाटलं होतं. कराडच्या त्या खोलीत कळलं. चेहऱ्यावरून दमणूक ओळखणं ही काळजी वाटते, पण पुष्कळदा तो काळजीचा शॉर्टकट असतो. खळगा दिसला तर विचारायचं, नाही दिसला तर सोडून द्यायचं. मॅनेजर तेच करत होता, आत्या तेच करत होती आणि मीही तेच करत आले होते. आम्ही सगळे कातडी वाचत होतो.

*

बाबा आता बरे आहेत. डावा हात अजून साथ देत नाही, पण सकाळी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. मी पुण्याला परतले.

ते जेल विरघळवून टाकावं का, असा विचार आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, हवं तर करू. मी नको म्हटलं. आता ते काढणं म्हणजे पुन्हा चेहऱ्याकडूनच काहीतरी बोलून घेण्याचा प्रयत्न झाला असता. वर्षभरात आपोआप जाईल असं साधारणपणे सांगतात. एमआरआय तपासण्यांत काही जणांच्या चेहऱ्यात ते कित्येक वर्षांनीही सापडलेलं आहे. राहू दे किती राहायचं ते. पुन्हा भरणार नाही, एवढं ठरवलंय.

पुन्हा न भरण्याचं कारण मात्र पैसे किंवा पश्चात्ताप नाही. आमच्या टीममध्ये २३ वर्षांची एक मुलगी आहे. सप्टेंबरमध्ये एकदा पँट्रीत चहा घेताना तिने हळूच विचारलं, “ताई, तू कुठे केलंस गं? मला नंबर दे ना.” तिला कसं कळलं? माझे जुने फोटो पाहून. आणि तिला का हवंय? तर तिच्या अप्रेझलमध्येही ‘फ्रेश’ हा शब्द आला होता.

गणपतीच्या मिरवणुकीत पुढच्या माणसाने पोराला खांद्यावर घेतलं की मागच्यालाही घ्यावं लागतं, मग त्याच्या मागच्याला. शेवटी सगळ्यांचे खांदे दुखतात आणि गणपती दिसतो तो आधी दिसत होता तेवढाच. व्हिडिओ कॉलवरच्या चौकटीतून मी माझा खळगा काढून टाकला, त्याच दिवशी शेजारच्या चौकटीतला चेहरा किंचित जास्त दमलेला दिसायला लागला. माझा निर्णय माझ्यापुरता होता असं मी समजत होते. त्याचं बिल माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात पडत होतं.

मी तिला उपदेश केला नाही. मी स्वतः करून बसल्यावर कुठल्या तोंडाने करणार? जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. खर्च, सूज, दृष्टीचा धोका, आत्याचं वाक्य, सगळं. मॅनेजरशीही बोलले. लोकांच्या कामाबद्दल बोल, चेहऱ्याबद्दल नको, एवढंच म्हणाले. तो ओशाळला, म्हणाला, “अगं, मी चांगल्या हेतूने म्हटलं होतं.” ते खरंही असेल. पुढच्या अप्रेझलला काय होतं ते बघू.

त्या दिवशी पँट्रीत मात्र तिचं समाधान होईना. तिने फोन काढून सेल्फी दाखवला. हात लांब करून, अगदी जवळून काढलेला. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली छापून आलं होतं. ते मी तिला सांगितलं. “पण ताई, हे बघ ना, इथे,” ती डोळ्यांखाली बोट ठेवून म्हणाली.

मग मी तिला कोपऱ्यात, खिडकीपासून लांब नेलं आणि माझ्या फोनचा टॉर्च लावला. आधी समोरून धरला, मग कपाळाच्या वरून. समोरून, वरून, पुन्हा समोरून. सावली पडत नव्हती. त्वचेचा रंग गालासारखाच होता. निळसर काही दिसत नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या तीन कारणांपैकी एकही मला तरी तिथे सापडलं नाही.

मी टॉर्च बंद केला आणि विचारलं, “रात्री किती तास झोपतेस?”

“चार,” ती म्हणाली. “कधी साडेतीन. जूनपासून असंच चाललंय. दोन प्रोजेक्ट आहेत ना.”

आम्ही चहा तिथेच ठेवला आणि तिची टास्क शीट उघडून बसलो. त्यातली तीन कामं आता माझ्याकडे आहेत.